तिसरे मत

गौरेशने टाइप केलेला अहवाल टीपॉयवर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचे घर दाबून ठेवले. समोर जयरामभाई, नव्या राज्याचे मंत्री, बनियन-लुंगीवर चहा पीत बसले होते. रविवारी पेडण्याच्या घरी ते असेच भेटत आणि खरी कामे तिथेच होत.

"वाचूक लावू नका," भाई म्हणाले. "तोंडान सांगा."

तोंडाने सांगणेच अवघड होते. गोवा राज्य होऊन वर्ष झाले होते. डिसेंबरपर्यंत प्रत्येक मामलेदार कचेरीत संगणक बसवून जमिनीचे सगळे दप्तर त्यात घालायचे, अशी योजना होती. सल्ल्यासाठी तीन जाणकार नेमले होते. त्यांतले दोघे मान डोलावून मोकळे झाले होते. तिसरा गौरेश, डिचोलीचा, अभियांत्रिकी कॉलेजात संगणक शिकवणारा. त्याच्या अख्ख्या वर्गाला मिळून एकच यंत्र होते आणि आणखी यंत्रांच्या मागणीचा कागद नेमका भाईंच्या सहीसाठी अडलेला. सही न झाल्यास वर्गच बंद करू, असे प्राचार्य सांगून चुकले होते. पाण्यात राहून माशाशी वैर करू नका, हे बायकोने, विनोदिनीने, निघताना ऐकवले ते उगाच नव्हे.

तरी त्याने सांगितले. जुने कागद कुठे पोर्तुगीजमध्ये, कुठे मराठीत, आणि या यंत्रांना इंग्रजी अक्षरांपलीकडे काही येत नाही. विजेचा भरवसा नाही. कारकुनांना कुणी शिकवलेले नाही. आधी एकाच कचेरीत, हातची दप्तरे चालू ठेवून, वर्षभर करून पाहावे.

"म्हणजे नाय?"

"आत्ता नाही, भाई. घाई केली तर लोकांच्या जमिनींचा घोळ होईल. तो निस्तरायला यंत्र येणार नाही."

भाईंनी कप खाली ठेवला. संपला आपला वर्ग, त्याला वाटले. बोललेले परत घेता येत नव्हते आणि नवल म्हणजे घ्यावेसेही वाटत नव्हते.

भाईंनी आतून शिवदासला बोलावले. हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. म्हापशाला त्याने नुकतीच संगणक विकायची एजन्सी घेतली होती, हे त्याने बसता बसताच सांगून टाकले. गौरेशला हे नवीन होते. त्याने रुमाल काढून कपाळ पुसले.

"माका सांगलात तां हेका परत सांगा," भाई म्हणाले.

गौरेशने सगळे परत सांगितले, एक शब्दही मऊ न करता. शिवदासने थोडी हुज्जत घातली. शिकलेली माणसेच नको म्हणतात तर भावोजी तरी काय करणार, असे पुटपुटत तो आत गेला. आवाजात राग नव्हता, नाराजी होती.

तो गेल्यावर भाई खुर्चीत सैल झाले. इतके दिवस त्यांचे धरले तर चावते, सोडले तर पळते असे चालले होते.

"बायलेच्या भावाक नाय म्हणूक येना, बाब," ते हळूच म्हणाले. "घरात वाद नको म्हणान आमी देवाक कौल लावतो. डावी पाकळी पडली म्हणजे देवाचो नकार, मग कोण कोणार रागावना. दोघांनी माका उजवी दिली. तुमी डावी दिलात, म्हणान सुटलंय."

गौरेशला हसू फुटले. छातीवरचे ओझे उतरले. मग धीर करून त्याने आपल्या कागदाचे विचारले.

"तो शुक्रवारीच सही करून धाडलो."

"मग आल्याआल्या सांगितलं का नाहीत?"

"सांगलां असतां," भाई म्हणाले, "तर तुमी माझ्या उपकाराखाली हां म्हटलां असतात."

आतून पाव आणि पातळ भाजी आली. गौरेशने पाव मोडला आणि सकाळपासून आपण काहीच खाल्लेले नाही, हे त्याला तेव्हा कळले.