आठ गाठींची थाळी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी थाळी आहे. पण माझ्यात जेवलं कमी आणि मला बुडवलं जास्त.

१९९६ साली कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात प्रसेनजीत गुरुजींनी नदीमित्र मंडळ काढलं. मंडळात आलेल्या चिमणाबाईंच्या फळीवरची मी त्यांना आवडले. त्यांनी मला भोकं पाडली, खाली दगड अडकवला, वर दोरी बांधली आणि दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. मला पाण्यात सोडायचं आणि मी दिसेनाशी होईपर्यंत किती गाठी बुडाल्या ते मोजायचं. जेवढ्या जास्त गाठी, तेवढं पाणी नितळ.

दर सोमवारी चिमणाबाई मला धुण्याच्या घाटावर सोडत आणि गुरुजी गाठींचा आकडा वहीत लिहीत. पहिल्या उन्हाळ्यात आठ गाठी भरल्या. मग घाटाच्या वर नव्या वसाहतीचं सांडपाणी नाल्यातून नदीत येऊ लागलं. सहा झाल्या, चार झाल्या, दोनवर आल्या. गुरुजींनी वहीतले आकडे सरकारी कचेरीत धाडले. हे पाणी गाव पीत होतं, म्हणून नाला बंद करा, एवढंच मागणं होतं. दोन वर्षांनी तिथले साहेब पाहणीला यायचे ठरले.

मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव कडाडले, "पावणं येणार, आन् त्यास्नी तसलं पाणी दावायचं? गावाची अब्रू हाय का न्हाय?"

"आवं, त्येच बघाय बोलिवलंय की!" चिमणाबाई म्हणाल्या.

"आक्का, तुमी च्याचं बघा."

गुरुजींनी वहीत तोंड खुपसलं. साहेबांना नाल्याच्या वर, देवळाखालच्या डोहावर नेलं. तिथं मी आठ गाठींपर्यंत लख्ख दिसले. नारळ फुटला, मला हळदकुंकू लागलं. माझ्या आयुष्यातला तो एकमेव सत्कार. महिन्याने कागद आला: 'पाणी नितळ. तक्रार निकाली.'

हंबीररावांनी तो कागद चौकटीत लावला.

त्या पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली. अंगात ताप असतानाही चिमणाबाई सोमवारी घाटावर आल्या. "येकच गाठ, गुरुजी. लिव्हा," म्हणाल्या. पुढच्या सोमवारआधीच त्या गेल्या. गुरुजींनी त्या दिवसाची ओळ कोरी सोडली. पुढच्या ओळी आपोआप कोऱ्या राहिल्या.

आता मी हंबीररावांच्या घरी विकतच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण आहे. भोकांमुळे तेही काम मला धड जमत नाही. माझी दोरी खुंटीला आहे. चिमणाबाईंच्या बोटांनी दुसरी गाठ गुळगुळीत झाली आहे.

मित्रांनो, पाहुण्यांना चहा द्या, नारळ द्या. पण नदी आहे तशीच दाखवा. आणि जमलं तर मला एखाद्या सोमवारी खालच्या घाटावर न्या. मी एका गाठीत दिसेनाशी झाले, तरी तेवढंच लिहा.