तुळशीत कोणाची माती

“ऐकून तुमचा कोणाचा विश्वास बसणार नाही, तेव्हा तो बसवून घ्यायचा त्रासही घेऊ नका,” मी म्हणालो. “पण आमच्या परसातला पाल्याचा ढीग संध्याकाळी नारळाचं अख्खं चुडत, सबंध झावळी गिळायचा आणि उजाडेपर्यंत त्याची माती करून ठेवायचा.”

हे मी बोललो डिचोलीत, माझ्या लेकीच्या, गौरवीच्या नव्या घराच्या अंगणात. तुळशीच्या लग्नाची सकाळ. नवं वृंदावन रंगवून तयार, पण आतून रिकामं. बाजूला दोन पोती उभी होती. एक माझं, चोपड्याहून आणलेलं. दुसरं माझ्या व्याह्यांचं, साखळीच्या गोकुळदासांचं. चवथीला गणपती पोचवून आलो त्याच दिवशी आम्ही ठरवलं होतं, दोघांनी आपापल्या परसातला पाला कुजवायला घालायचा आणि ज्याची माती आधी तयार होईल, ती लेकीच्या तुळशीत जायची.

मी पडलो मुलीचा बाप. लग्नात व्याह्यांचा शब्द चालला, बारशात चालला, या घराचा दरवाजा कुठे असावा तेही त्यांनीच ठरवलं. निदान तुळशीत तरी चोपड्याची माती पडायला हवी होती. आणि माझी माती होतीच तशी! काळीभोर, भुसभुशीत, मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि सोडली तर सुटावी. वास म्हणाल तर पावसाळी रानाचा.

गोकुळदास खाणीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, यंत्र असल्याशिवाय कशावर भरवसा न ठेवणारे. त्यांनी गोल फिरवायचा ड्रम विकत आणला होता आणि रोज आंघोळीनंतर तो श्रद्धेने फिरवत होते. पण त्यांचं पोतं ओलंगिच्च, आंबूस वासाचं, आणि त्यात काजूची पानं शिरांसकट ओळखू येत होती. विहीणबाईंनी, सत्यवतीबाईंनी, जुन्या टबात गांडुळं पाळली होती. त्यांचं खत देखणं, पण जेमतेम टोपलीभर.

“माझी गांडुळं बेताने जेवतात,” माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या. “काही पाहुण्यांसारखी नाहीत.”

मी हातातला उंडा पाव बशीत ठेवला.

“एका रात्रीत चुडत?” जावईबापू रुद्रेश हसत म्हणाला. “बाबा, आमच्या ड्रममध्ये चवथीपासूनची पानं अजून तशीच आहेत.”

“ड्रमात उष्णता कुठली रे! आमच्या ढिगाजवळ उघड्या अंगाने उभं राहता येत नव्हतं. तुझी सासू पेजेचं मडकं त्यावर ठेवून देवपूजेला बसायची. आरती होईपर्यंत पेज तयार. गॅसचा सिलिंडर आम्ही शेजारच्या बाबलीला वापरायला दिला.”

“आणि वाफ?” गोकुळदासांनी विचारलं. हसत होते, पण नजर माझ्या पोत्यावर.

“वाफेचं विचारू नका. शिवोलीच्या पुलावर गेली. भर दुपारी मोटरसायकलवाले दिवे लावून जायचे. एकदा माझी कोयती ढिगात विसरली. सकाळी बघतो तर दांडा गायब, पातं तेवढं शिल्लक, तेही लाल तापलेलं!”

अंगणातली मंडळी खळखळून हसली. गौरवीने आत हाक मारून चहा आणखी टाकायला सांगितला. माझी छाती फुगली. साखळीकर माझं बोलणं असं रंगून ऐकतायत, हे मी त्या घरात पहिल्यांदाच बघत होतो.

“मान्य,” गोकुळदास पुढे सरकून म्हणाले. “तुमची माती सरस आहे, मी नाही म्हणत नाही. पण व्याही, असं घातलंत तरी काय त्यात?”

इथे मी शेण म्हणायला हवं होतं. ताक म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण रंगात आलेली जीभ.

“आमच्या नदीची ताकद घातली!” मी मांडीवर थाप मारली. “बांगड्याची डोकी, सुंगटांची सालं, खेकड्यांच्या नांग्या! बाबली रोज होडीवरून आला की टोपली आधी माझ्या ढिगावर रिकामी करायचा. तुमच्या साखळीला मिळेल का असला माल?”

विहीणबाईंनी पदर नाकाला लावला.

“शिव शिव शिव,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “तुळशीत मासळी?”

गोकुळदास सावकाश उठले. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू ड्रमाचे सगळे पैसे आत्ता वसूल झाले.

“गौरवी, बाबांचं पोतं उचलून माडाच्या मुळाशी नेऊन ठेव. चांगली आहे माती, माडाला मानवेल. वृंदावनात आमचीच ओत. थोडी ओली आहे, पण सोवळी आहे.”

गौरवीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण मासळी बाहेर पडली होती, आता परत गिळता येत नव्हती. तिने वाकून माझ्या पोत्याला हात घातला.

तेवढ्यात हळदीकुंकवाचं ताट घेऊन आमची सरस्वती, गौरवीची आई, बाहेर आली. माहेर आरोंद्याचं. चारचौघांत नवऱ्यापुढे बोलत नाही. त्या दिवशी मात्र ताट वृंदावनाच्या कठड्यावर ठेवून ती माझ्या पोत्यासमोर उभी राहिली.

“खोटा बोलतत हे! सगळा खोटा! ह्यांचो ढीग परसात पडलोहा तसोच पडलोहा, एक पान कुजूक नाय. ही माती माझ्या फणसाबुडची. लग्न होऊन इलंय तेव्हापासून अंगण झाडून पालो मी थंयच टाकतंय. कोणी ढवळूक नाय, कोणी काय घालूक नाय, आणि मासळीचो काटो तर थंय कधी पडूकच नाय. काल दुपारी हे खोरा घेऊन चोरासारखे थंय गेले, ता मी खिडकीतसून बघलंय. ओत गे गौरवी, ओत. आवशीची माती आसा ती!”