फळीचं माप

एक गोष्ट आधीच सांगतो, माझं माप चुकत नाही. करवत वाकडी जाते, मान्य. खिळा ठोकताना अंगठा शेकतो, तेही मान्य. पण माप? छे! म्हणून त्या सकाळी स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, फळी उंच बसवलीत," तेव्हा माझं टाळकंच सटकलं.

ही फळी म्हणजे आमच्या घरातल्या तहाची अट होती. निवृत्त झाल्यावर मी मागच्या खोलीत सुतारकामाचं दुकान मांडलं. 'दुकान' हा तिचा शब्द. खोलीही तिचीच; तिथं तिचं शिलाई मशीन होतं. ते मी बेडरूममध्ये सरकवलं तेव्हा तिने मला असं फैलावर घेतलं की विचारू नका. मेहुणा म्हणाला, "दाजी, जपून. ताई तुम्हालाच तासून काढेल." शेवटी अटी ठरल्या. भुसा उंबऱ्याबाहेर येता कामा नये, दुपारी ती आडवी झाली की ठोकाठोकी बंद, आणि पहिली वस्तू तिची. तिला ओट्यावर एक फळी हवी होती, स्टुलावर न चढता हात पोचेल अशी.

त्याच दिवशी मी तिला खोलीच्या दारात उभं केलं. "उजवा हात वर कर. टाचा उचलायच्या नाहीत हं." तिने हात ताणला, मी बोटांच्या टोकाशी चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढली. ती सारखी हसत होती, त्यामुळे रेघ दोनदा ओढावी लागली. फळी त्या रेघेच्या चार बोटं खाली बसवायची, म्हणजे डबा अलगद हातात येईल.

पुढे रंधा आला, शिकंजा आला, पटाश्या आल्या. फळी मात्र काही होईना. पहिली चिरली. दुसरी मी रंधा मारून मारून पुठ्ठ्याएवढी पातळ केली. पण घरात शांतता नांदू लागली होती. भुशाचा कण दिसला की घर डोक्यावर घेणारी बाई चक्क गप्प! "झाली बुवा सवय," मी मेहुण्याला फोनवर ऐटीत सांगितलं. मध्येच एकदा ती लांबसडक केस मानेपर्यंत कापून आली. "काय मॅडम, या वयात फॅशन?" मी चिडवलं. "धुवायचा कंटाळा," म्हणाली, आणि विषय संपला.

शेवटी तिसरी जमली, ओट्यावर भिंतीला बसली, आणि आता हे.

"उंच कशी असेल? तुझ्याच मापाची आहे!"

"मग माप चुकलं असेल. माणूसच आहात."

झालं! चडफडत मी फळी उतरवली, भिंतीत नवी भोकं पाडली आणि ती वीतभर खाली बसवली. ओटाभर सिमेंटची धूळ पडली. त्यावरही ती काही बोलली नाही. मी साखरेचा डबा फळीवर ठेवला. "घे आता."

तिचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिने ओठ आवळले.

"अजून जरा खाली," ती म्हणाली.

"आणखी खाली? ओट्यावरच ठेवू का? चेष्टा लावलीये नुसती! चल इकडे." मी तिला त्या दाराशी नेलं. रेघ जागच्या जागी होती. "हात वर कर."

तिने डावा हात वर केला. बोटं बरोबर रेघेला टेकली.

"बघ! म्हटलं नव्हतं? चोख माप आहे!" मी टाळी वाजवली. मग आठवलं, त्या दिवशी माप उजव्या हाताचं घेतलं होतं. "आता उजवा."

"दूध उतू जाईल."

"गॅसवर काही नाहीये. उजवा हात."

ती तशीच उभी राहिली, कोपर अंगाशी धरून. माझं लक्ष तिच्या आखूड केसांकडे गेलं. अंबाडा घालायला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात. 

"काय झालंय?"

"काखेत गाठ आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही रंधा आणलात तेव्हापासून."

रंध्यानंतर किती काय काय आणलं होतं मी.

"कुणाला दाखवलीस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"अगं, मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?" मी ओरडलो. राग माझा मलाच आला होता, पण निघाला तिच्यावर.

"घाबरले होते," ती म्हणाली. "आणि निवृत्त झाल्यापासून तुम्ही नुसते भिंतीकडे बघत बसायचात. त्या खोलीत गेलात आणि शीळ घालायला लागलात. म्हटलं, फळी होऊ दे, मग सांगू. पण तुमची फळी होत होती कुठली!"

ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. मी तिला खूश ठेवतोय या तोऱ्यात इतके दिवस वावरत होतो, आणि मलाच खूश ठेवण्यासाठी ती बिचारी दुखणं अंगावर काढत होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चल. डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता."

"अंगावरचा भुसा तरी झटका."

मी तो खोलीच्या उंबऱ्याबाहेरच झटकला. पूर्वीसारखी खेकसली असती तर मला धीर आला असता.

चपला घालताना ती थबकली. "आल्यावर फळी पहिल्या जागी घ्या."

"अगं, पण तुझा हात..."

"माप बरोबर होतं तुमचं."

माझं काही बरोबर आहे असं ती लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणत होती. आणि मी कुलूप लावता लावता मनात म्हणत होतो, देवा, चुकलं असतं तर किती बरं झालं असतं.