नववी जागा

"काय गं किनु, झोप लागली की काय तुला?" तोसे-सान उताण्या पडल्या पडल्या म्हणाल्या.

किनुएचा अंगठा त्यांच्या पोटावर, डाव्या बरगडीखाली अडला होता. पोटावर दाबायच्या नऊ जागा, त्यांतली ही शेवटची. एकोणीस वर्षं दर गुरुवारी दुपारी तिचा अंगठा इथे येऊन थांबायचा, आणि तोसे-सान दुकानात विकतात त्या तोफूसारखंच इथलं पोट मऊ लागायचं. आज खाली काहीतरी कडक होतं. अक्रोडाएवढं, आणि श्वासाबरोबर जागचं न हलणारं.

"नाही हो. श्वास सोडा," म्हणत तिने अंगठा उचलला.

"सोडते. तर काय सांगत होते, आमचे जावईबापू. त्यांच्या हातचा तोफू म्हणजे वीट. परवा एक गिऱ्हाईक विचारतं, तोसे-सान, हा खायचा की भिंतीत बसवायचा?" आणि स्वतःच खो खो हसल्या.

"यंदा तपासणी केलीत का तुम्ही?" किनुएने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दवाखान्याचं नाव काढू नकोस. आमचे हे स्वतःच्या पायांनी चालत गेले होते तिथे. आणले कसे, ते तू पाहिलंयस."

किनुएने पाहिलं होतं. ती त्यांचे पाय दाबायला बसली. ही मार्चमधली गोष्ट.

बरं, किनुए काही नवशिकी नव्हती. बाविसाव्या वर्षी ती इवाबुची गुरुजींकडे शिआत्सु, म्हणजे अंगठ्याने अंग दाबायची विद्या, शिकायला गेली. गुरुजी जन्मांध. पहिले सहा महिने त्यांनी कुणाला माणसाच्या अंगाला हात लावू दिला नाही. जमिनीवर वजनकाटा ठेवायचा आणि डोळे मिटून अंगठ्याने दाबायचं. पाच किलो म्हटलं की पाच, एक म्हटलं की एक. पोरींचे अंगठे सुजून जेवताना काड्या धरवत नसत. शेवटचा धडा मात्र सगळ्यांत वाईट. अंगठा काट्यावर टेकवायचा, पण सुई हलता कामा नये. गुरुजी काच काढलेल्या काट्याच्या सुईला बोट लावून बसत आणि दिवसभर एकच म्हणत, "हलली. पुन्हा."

"पण गुरुजी, दाबायचंच नाही तर हे शिकायचं कशाला?" किनुएने वैतागून विचारलं होतं.

"जिथे दाबायचं नाही तिथेही हात ठेवावा लागतो, पोरी. खाली माणूस असतं."

आणखी एक गोष्ट त्यांनी घोटून घेतली होती. रोगाचं नाव आपण घ्यायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. आपण एवढंच म्हणायचं, दवाखान्यात जाऊन या. पण ते म्हणायचंच.

किनुएने एकदा म्हटलंही होतं, कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याला. तो गेला, काही निघालं नाही, आणि मग वर्षभर गल्लीने तिची टर उडवली. "किनुए-सान, जरा अंगठा लावून सांगा, उद्या पाऊस पडेल का?" तेव्हापासून तिने जीभ आवरली. तोसे-सानच्या बाबतीत तर तिला आणखीच जड गेलं. खरं सांगायचं तर ती भ्याली. दुसरा शब्द नाही.

पुढच्या गुरुवारी बोलू, असं तिने ठरवलं. पुढच्या गुरुवारी तोसे-सान नातीच्या शाळेचं सांगत बसल्या. त्यांचा मूड कशाला घालवा? गाठीवर दाबायचं नसतं, हे शास्त्राला धरूनच होतं. म्हणून ती आठ जागा करायची आणि उरलेला वेळ पायांना द्यायची. चेरीचा बहर झडला. तोसे-सानचा कमरपट्टा एक वेढा जास्त घ्यायला लागला. "बारीक झालात," किनुए म्हणाली. "बरंय की, म्हातारपणी कंबर आली," त्या म्हणाल्या. किनुए हसली. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

जुलैत तोसे-सान सोयाबीन भिजवायच्या हौदापाशी कोसळल्या. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. ऑगस्टमध्ये एका गुरुवारी दुपारी जावई दारात आला. "आईंना घरी आणलंय. तुम्हाला बोलावताहेत." त्याच्या अंगाला सोयाबीनच्या दुधाचा वास येत होता.

तोसे-सान अंथरुणात एवढ्याशा झाल्या होत्या. जावई बाहेर गेल्यावर त्यांनी विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये." किनुएने मान खाली घातली.

"मलाही तेव्हाच शंका आली. एकोणीस वर्षं नऊ ठिकाणी थांबायचीस. मार्चपासून आठ. मी काय मोजत नव्हते?"

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

"तू सांगशील म्हणून थांबले." त्या दम घ्यायला थांबल्या. "तू काही बोलली नाहीस. मग मी मनाला म्हटलं, विसरली असेल. वाईट काही असतं तर किनु गप्प बसली नसती. त्या एका गोष्टीवर मी चार महिने अगदी शांत झोपले बघ."

किनुएला माफी मागायची होती. त्यासाठी ती दोन्ही हात टेकून वाकली.

"ते राहू दे," तोसे-सान म्हणाल्या. "आज गुरुवार आहे. नऊच्या नऊ कर."

किनुएने पोटावर रुमाल अंथरला. मधोमध टाके होते, त्यांच्या कडेकडेने, फुंकरीएवढ्या भाराने ती एकेक जागा घेत गेली. आठवी झाली. तिने श्वास पूर्ण सोडला, आणि मग डाव्या बरगडीखाली अंगठा टेकवला. सुई हलणार नाही असा.

तोसे-सानचे डोळे मिटलेले होते.

"नऊ," त्या म्हणाल्या.

किनुएने अंगठा उचलला नाही.