बाबांच्या वाट्याची पानं

“ताई, हिरव्या पाल्याकडे जरा लक्ष ठेवा,” बाबांना घरी सोडताना हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या. “रोज जेवढा खातात तेवढाच खाऊ दे. एकदम वाढवायचा नाही. गोळीचा जोर कमी होतो.”

मी हसले. “सिस्टर, आमचे बाबा सूपवरची कोथिंबीरसुद्धा चिमट्याने वेचून बाजूला ठेवतात. त्यांच्या पानात वाढायची हिरव्याची काय टाप आहे!”

चिमट्याची गोष्ट खरी होती. बाबा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे चिमटा सदैव खिशात. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. शांत खोलीत त्यांच्या छातीशी कान नेला तर ती टिकटिकते. “आता मीच घड्याळ झालो,” म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कान लावायला लावतात. या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज एक, जन्मभर. गाठ धरली तर काय होतं, हे डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं होतं आणि ते वाक्य मी दुसऱ्यांदा कुणाला सांगितलेलं नाही.

बरं, मी काही बेफिकीर बाई नाही. उलट काळजीत माझा हात धरणारं कुणी नाही. आमची लेक, छोटी, शिंकली तर मी थर्मामीटर तीनदा लावते. तिला द्राक्ष द्यायचं तर चार फोडी करून. नवरा म्हणतो, “तू पाण्याचेही तुकडे करून पाजशील.” अशा माझ्या हातून नेमकी ही एक गोष्ट सुटली.

भाजीच्या नादाला लागले तेही काळजीपायीच. बाजारातल्या पाल्यावर कसकसली फवारणी करतात ते वाचलं आणि छोटीसाठी घरीच पानं लावायची ठरवलं. मागच्या दाराबाहेर दोन पलंगांएवढी जागा होती. तिथे मोडकी सायकल आणि नवऱ्याचे ‘कधीतरी लागतील’ असे पत्रे पडलेले. पत्रे हलले, सायकल हलली, नवरा थोडा हळहळला. मी लेट्यूस, कोबीच्या जातीचा कुरळ्या पानांचा केल आणि पालक यांच्या बियांची पाकिटं आणली. पाकिटावर लिहिलं होतं, चिमूटभर बी टाका. मी म्हटलं, सगळं थोडंच उगवतंय? आणि पाकिटं उपडी केली.

सगळं उगवलं.

आठव्या दिवशी मातीवर हिरवी साय धरल्यासारखं दिसायला लागलं. बागकामाच्या पुस्तकात लिहिलं होतं, आता विरळणी करा: वीतभर अंतरावर एक सशक्त रोप ठेवा, बाकीची उपटून टाका. मी खुरपं घेऊन बसले. एकाला चिमटीत धरलं. त्याला दोन इवलीशी पानं होती. सशक्त कोण आणि बाकीचे कोण हे ठरवणारी मी कोण लागून गेले?

“जमेना का?” नवऱ्याने दारातून विचारलं.

“जीव आहे रे त्यांच्यात.”

“मग शाळेत नावं घाल त्यांची. गणवेशाचा रंग तरी एकच लागेल.”

मी एकही रोप टाकलं नाही. उपटलं ते दुसरीकडे लावलं. बादल्या भरल्या, तेलाचे रिकामे डबे भरले, छोटीचा अंघोळीचा टब भरला. खिडक्यांच्या कडा संपल्यावर नवऱ्याने आपले बूट कपाटात कुलूपबंद केले. गोगलगायी मी रोज पहाटे वेचायची आणि त्यांनाही मारवत नाही म्हणून डब्यात घालून कोपऱ्यावरच्या मैदानात सोडून यायची. खरं सांगते, बाळंतपणानंतर इतकी मोकळी मी पहिल्यांदाच झाले होते. मातीत हात असले की पुढचं काही वाईट दिसायचंच नाही.

पहिलं वाडगाभर सॅलड कापलं त्या दिवशी मी फोटो काढला. छोटीने एक पान तोंडात घेतलं, विचार केला आणि ते माझ्या तळहातावर परत ठेवलं. नवऱ्याने आठ दिवस निमूट खाल्लं. नवव्या दिवशी म्हणाला, “बाई गं, मी ससा आहे का?”

मग उरलेली पानं बाबांकडे जायला लागली. त्यांचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक पिशवी. “वा, झकास!” म्हणून ते घ्यायचे. पुढच्या खेपेला पिशवी धुऊन, वाळवून, चौकोनी घडी करून परत. मीही फुशारले. एक पिशवी होती तिथे दोन केल्या.

सिस्टर आठवल्या नाहीत असं नाही. एकदा विचारलं, “बाबा, एवढी पानं संपतात कशी?”

“अगं, वरच्या शिलाईवाल्या मावशींना देतो. त्यांना फार आवडतात.”

झालं. मी सिस्टरना पुन्हा एकदा बाजूला सारलं आणि मावशींसाठी केल जरा जास्तच घातला.

महिन्याभराने मावशी दुकानात भेटल्या. गळ्यात टेप, हातात दोऱ्याची रिळं. मी विचारलं, “मावशी, पानं कशी लागतात?”

“कसली गं पानं?”

“सॅलडची. बाबा देतात ना तुम्हाला?”

“मला? मला तर साधी टाचणी दिली नाही कुणी.” त्या हसल्या. मी हसू शकले नाही.

छोटीला कडेवर घेतलं आणि तशीच बाबांकडे गेले. दार उघडंच होतं. ते टेबलाशी ताठ बसले होते. पुढे मोठा वाडगा, शेजारी पाण्याचा ग्लास. एक पान चिमट्याने उचलायचं, डोळे मिटायचे, चावायचं, वर पाणी. गोळी घ्यावी तसं.

“बाबा!”

ते दचकले. पान चिमट्यातच राहिलं. “आलीस? बस ना. हे जरा आटोपतो.”

“कधीपासून खाताय?”

“तू द्यायला लागलीस तेव्हापासून.”

“सगळं?”

“टाकायचं कसं? तुझ्या हातचं.”

“पालेभाजी वाढवायची नाही असं सांगितलं होतं ना सिस्टरनी! तुमच्यासमोर!”

“पालेभाजी,” बाबांनी चिमटा खाली ठेवला. “पालेभाजी शिजवतात. हे कच्चं आहे. हे सॅलड.” चाळीस वर्षं काट्याला काटा जुळवणारा माणूस. चेहऱ्यावर इतकी खात्री होती की मला रडू की ओरडू कळेना.

“आणि मावशींचं खोटं का सांगितलंत?”

“मी खातो म्हटलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस. रोज फोन, रोज प्रश्न. किती दिवसांनी तू हसत दारात येत होतीस. मला ते बिघडवायचं नव्हतं.”

मी वाडगा उचलून ओट्यावर नेऊन ठेवला.

रक्ताची पुढची तपासणी नऊ दिवसांनी होती. नवऱ्याला बोलावून घेतलं आणि आम्ही त्याच दुपारी गेलो. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा तीनच्या आसपास हवा, तो दीडवर आला होता. डॉक्टरांनी आधी मला झापलं, मग बाबांना, मग वेळ उरला म्हणून नवऱ्यालाही. झडपेची तपासणी केली. ती दहा मिनिटं मी भिंतीवरचं घड्याळ बघत नुसती उभी होते.

गाठ धरली नव्हती. पोटात टोचायची इंजेक्शनं दिली आणि गोळी वाढवली. रोज रक्त तपासायचं असं ठरलं. सहाव्या दिवशी आकडा अडीचच्या वर गेला तेव्हा बाबा डॉक्टरांना म्हणाले, “मग पानं एकदम बंद?”

“एकदम काहीच नाही. ना वाढवणं, ना बंद करणं. मी लिहून देतो तेवढीच, रोज तेवढीच.”

बाबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं, सुटलो.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “खरं सांगा, कशी लागतात?”

“खरं?”

“हो. मी काळजी करणार नाही.”

“गवतासारखी,” बाबा म्हणाले. “केल तर दोरीसारखा.”

मी रस्त्यात उभी राहून पोट धरून हसले. मग घरी येऊन विरळणी केली. वीतभर अंतरावर एक रोप. बाकीची उपटली.

आता तुमच्याकडे एक काम. तुम्ही कौतुकाने दिलेलं काहीही कुणी “झकास” म्हणून घेत असेल आणि भांडं रिकामं, स्वच्छ घासून परत येत असेल, तर आज त्यांच्या घरी जाऊन या. फोन नको, फोनवर सगळे मजेत असतात. जेवायच्या वेळी जा आणि कसल्या गोळ्या चालू आहेत ते विचारा. आणि विचारताना चेहरा असा ठेवा की त्यांना खरं सांगावंसं वाटेल.