घोरपडीच्या कातड्याचा पट्टा

नरसिंगच्या डाव्या मनगटावर पहिला ठिपका दिसला तो फाल्गुनात. लातूर जिल्हा नवा होऊन दुसरं वर्ष चालू होतं. उस्मानाबादहून आलेली दप्तरं कचेरीत अजून गोण्यांतच होती, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. नरसिंग टंचाई शाखेत कारकून. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठल्या गावाला गेला नाही, याचे कागद दिवसभर करायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची. त्या दिवशी त्यानं घड्याळ काढलं तर बकलाखाली ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. साबण राहिला असेल म्हणून त्यानं नखानं खरवडला. निघाला नाही. पुन्हा खरवडला. कातडी लाल झाली, आणि लालीच्या मधोमध डाग पांढराच राहिला.

तो खाटेवर बसला. हा रंग त्याच्या ओळखीचा होता.

नायगावकडच्या त्याच्या घरी सरजाबाई होती, त्याच्या आईची, कोंडाबाईची थोरली बहीण. तिच्या ओठांवर, हातांवर, पायांवर कोड होतं. एकोणिसाव्या वर्षी पहिला डाग उठला आणि नवऱ्यानं तिला आणून सोडलं, ती तेव्हापासून बहिणीच्याच घरी. कोंडाबाई खडी फोडायला जायची तेव्हा नरसिंगला सांभाळलं ते सरजामावशीनं. पण गावानं ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर येऊ दिलं नव्हतं, तीच माणसं सरजाबाईच्या हातचा तांब्या घेत नसत. नरसिंग दहा वर्षांचा असताना शाळेतले सोबती घरी आले, मावशी पाणी घेऊन बाहेर आली, आणि तो पटकन म्हणाला होता, "ठेव तिथंच. आमी पिऊन आलोत."

आणि नुकतंच माघात त्याचं लग्न जमलं होतं. नांदेडची सिंधु. डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती, बाप नव्हता, आई नागुबाई दवाखान्यात आया. बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात लग्न धरलं होतं. नागुबाई घर बघायला येणार म्हटल्यावर कोंडाबाईनं सरजाबाईला दोन दिवस जळकोटला एका नातेवाइकाकडं पाठवलं. एसटीत बसवून द्यायला नरसिंगच गेला होता. मावशीनं पिशवी मांडीवर घेतली. खिडकीतून एवढंच म्हणाली, "त्यांनी होकार दिला की सांगावा धाड."

म्हणून तो डाग बघितल्यावर नरसिंगला रडू आलं नाही. घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो गंजगोलाईच्या बाजारात संगप्पाकडं गेला. संगप्पा मूळचा उदगीरकडचा म्हातारा. भिंतीला टेकलेलं लाकडी खोकं हेच त्याचं दुकान, त्यात पाकिटं, कमरेचे पट्टे, घड्याळाचे पट्टे. सगळं स्वतःच्या हातानं करायचा. नरसिंगला नोकरी लागली तेव्हा कोंडाबाईनं दिलेल्या घड्याळाचा मूळचा पट्टा दिवाळीत तुटला होता, तेव्हा नवा पट्टा त्यानंच करून दिला होता.

"रुंद पाहिजे," नरसिंग म्हणाला.

"किती?"

"तीन बोटं."

संगप्पा हसला. "घड्याळ तर लहान हाय साहेब. येवढ्या पट्ट्यावर हरवून जाईल की."

"जाऊ द्या."

संगप्पानं आधी बकरीच्या कातड्याचा काढला. मऊ होता, पण कडेला आत्ताच सुरकुत्या पडल्या होत्या. घामानं हा आकसणार, हे नरसिंगनं हाताळूनच ओळखलं. मग सापाचा निघाला. चकचकीत, पण दीड बोट रुंद. मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला मगरीचा. मद्रासकडून आलेलं कातडं होतं, चौकोनी खवल्यांचं, ताठ. नरसिंगनं शर्टाच्या बाहीवरूनच तो मनगटाला लावून बघितला. पट्टा आणि हात यांच्यात फट राहत होती. वरून बघणाऱ्याला आतलं दिसलं असतं.

"हात उघडा करा की, नीट माप घेतो."

"न्हाई. असंच सांगा. अजून काय हाय?"

संगप्पानं आजूबाजूला बघितलं आणि खोक्याच्या तळातून एक तुकडा काढला. करडा, काळसर, राळ्याचे दाणे पसरून दाबल्यासारखा.

"घोरपड. जुना माल हाय. आता बंदी हाय ह्याच्यावर, माझं नाव सांगू नका कुठं. पण साहेब, ह्याच्यासारखं बसणारं कातडं न्हाई. हाताला धरून ऱ्हातं."

नरसिंगनं तो तुकडा उन्हात धरला. त्याच्या बापानं, लिंबाजीनं, छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून मेलेल्या ढोराला हात लावला नव्हता, आणि पोरांनी लावू नये म्हणून जन्मभर राबला होता. आणि हा सरकारी नोकरीतला मुलगा भर बाजारात कातडं वाकवून, वास घेऊन, उलटून बघत होता. कातड्यावरची नक्षी अशी होती की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकावी. त्याला तेच हवं होतं. लोक पट्टा बघतील, हात बघणार नाहीत.

"हाच करा."

"दोन पदरी करतो. खालून अस्तर, सोल्युशननं चिटकवून. टाका दिसणार न्हाई."

तो पट्टा नरसिंगनं बांधला तो काढलाच नाही. झोपतानाही नाही. अवल कारकून अनंतराव म्हणाले, "काय हो, घोरपडीचा पट्टा? कुठला किल्ला चढायचाय?" सगळे हसले. नरसिंगही हसला आणि त्याला बरं वाटलं. त्यांनी पट्टाच बघितला होता.

चैत्रात तो नांदेडला सिंधुकडं गेला. नागुबाई आत चहा करत होती. सिंधुनं पट्टा बघितला.

"कशाचा हो हा?"

"घोरपडीचा."

"बघू की." तिनं सहज बोट पुढं केलं. नरसिंगनं चटका बसल्यासारखा हात मागं ओढला.

सिंधुनं बोट आवरून घेतलं. "घेऊन पळणार न्हाई मी," ती म्हणाली, आणि नंतर चहा संपेपर्यंत वर बघितलं नाही.

खोलीवर परतल्यावर त्यानं, बांधल्यापासून पहिल्यांदाच, पट्टा सोडला. ठिपका राहिला नव्हता. मनगटाला वेढून पांढरी पट्टी उठली होती, तीन बोटं रुंद.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. काष्ठौषधीच्या दुकानातून कोडावरचं बावचीचं तेल आणलं, चोळून भर उन्हात हात धरून बसला. फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा पट्टा आवळला. गोंदणाऱ्या बाईला विचारलं, सगळं मनगट गोंदून देशील का. ती त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. गावातल्या लोकांच्या तक्रारी ऐकताना तो समोरच्याचं तोंड बघायचा, शब्द कानात शिरायचे नाहीत. एका गावाला टँकर जायचा राहिला तो त्याच्या चुकीनं. अनंतराव ओरडले, तेही त्याला लांबून आल्यासारखं वाटलं. एकदा खोलीमागच्या विहिरीत तो बराच वेळ वाकून बघत उभा राहिला. तळाला भेगा पडलेला गाळ होता. घरमालकीण सुमनबाई मागून म्हणाली, "काय बघायलात? पाणी संपून महिना झाला." तो खोलीत आला.

त्याच दिवशी त्यानं नागुबाईला पत्र लिहिलं. माझं मन दुसरीकडं आहे, मला हे लग्न करायचं नाही. खोटं होतं, पण सिंधुची त्यात बदनामी नव्हती. पाकीट खिशात घालून तो टपालपेटीकडं निघाला. वाटेत गोलाई लागली. बुडणारा माणूस काडी धरतो तसा तो संगप्पासमोर जाऊन उभा राहिला.

"अजून रुंद पाहिजे. कोपरापर्यंत होईल का?"

संगप्पानं हातातलं काम खाली ठेवलं. "बसा साहेब."

"होईल का न्हाई ते सांगा."

"बसा म्हणतो." संगप्पानं त्याचा हात धरला. नरसिंगनं हिसका दिला, पण म्हाताऱ्याची पकड कारागिराची होती. त्यानं बकल सोडलं. पट्टा कातडीला चिकटला होता, तो हळूहळू सोडवला. खाली फोडांच्या खपल्या होत्या आणि पांढरी पट्टी होती. पट्ट्याची कड जिथं संपत होती, तिथंच ती संपत होती. सुतात आखल्यासारखी.

 खोक्याखालून संगप्पानं रॉकेलची बाटली काढली, चिंधीवर ओतलं आणि आपली बोटं घासायला लागला. त्याची बोटं कायम काळ्या रंगानं माखलेली असायची. रंग निघाला. दहाही बोटांची टोकं पांढरीफेक होती.

"आठ वर्षं झाली," तो म्हणाला. "सोलापूरच्या डाक्टरनं सांगितलं, ह्ये सोल्युशननं होतंय, काम सोड. काम सोडून खाऊ काय? रंग लावून ऱ्हातो. मला वाटलं, वल्ल्या सोल्युशननं होत आसंल. वाळल्यावर, घामानं, दुसऱ्याच्या हाताला..." त्यानं चिंधी खाली ठेवली. "किती जणांना बांधलो मी."

नरसिंगला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "म्हंजे कोड न्हाई? कोड न्हाई ना हे?" संगप्पा मान खाली घालून रडत होता, आणि नरसिंग त्याला हलवून हलवून तेच विचारत होता.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टीची सरळ कड बघूनच मान हलवली. डिंकातल्या रसायनानं झालंय. पट्टा बांधू नका, वाढायचं थांबेल. गेलेला रंग येईलच असं सांगता येत नाही. नरसिंगनं ते कागदावर लिहून घेतलं आणि तसाच गावाकडं निघाला.

कोंडाबाई कामावर गेली होती. सरजाबाई दारात मटकी निवडत होती. नरसिंगनं हात तिच्यापुढं धरला आणि एका दमात सगळं सांगितलं. "कोड न्हाई मावशी! डाक्टरनं लिहून दिलं. पट्ट्यानं झालंय. तुझ्यासारखं न्हाई हे."

सरजाबाईनं त्याचं मनगट हातात घेतलं. फोडांवरून अलगद बोट फिरवलं. "लई बरं झालं बाबा," ती म्हणाली. खरंच तिला बरं वाटलं होतं. मग मटकीत बघत तिनं विचारलं, "आन्‌ माझं कशानं झालं आसंल रे? डाक्टर काय म्हनला का?"

 तीस वर्षांत तिला कुणी डॉक्टरकडं नेलं नव्हतं. नरसिंगनंही नाही. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि आता त्याला रडू आलं.

पुढच्या सोमवारी तो तिला घेऊन नांदेडला गेला. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. हे कुणाला लागत नाही, कुणाचं पाप नाही, पण आता तीस वर्षांनी औषधाचा फारसा उपयोग नाही, असं सांगितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं, "लागत न्हाई ना?" बाहेर आल्यावर नरसिंग म्हणाला, "आता सिंधुकडं जाऊ." मावशी थांबली. "मी इथंच बसते झाडाखाली." "न्हाई," तो म्हणाला. "तू येतीस."

नागुबाईनं दार उघडलं आणि सरजाबाईला बघून ती दारातच उभी राहिली. नरसिंगनं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं: ही माझी सख्खी मावशी, तुम्ही आलात तेव्हा आम्ही हिला जळकोटला लपवलं. आणि हा माझा हात. त्यानं डॉक्टरांचा कागद पुढं केला.

सिंधु आतून आली. तिनं कागद घेतला नाही. मनगट बघितलं, मावशीकडं बघितलं.

"पट्ट्यानं झालं नसतं, खरंच कोड आसतं, तर आला आसता का तुमी?"

नरसिंगनं खिशातलं जुनं पाकीट काढून तिला दिलं. "न्हाई. हे टपालपेटीत टाकणार होतो."

तिनं ते तिथंच उभ्यानं वाचलं. तिचे डोळे भरले, पण आवाज कडक होता. "मन दुसरीकडं हाय म्हणं. मी ह्याच्यावर किती वर्षं जळत बसले आसते, ठाव हाय का तुमाला?" मग ती सरजाबाईला म्हणाली, "आत या मावशी, ऊन लई हाय," आणि तिला हाताला धरून नेलं. नरसिंगला या म्हणाली नाही.

बुद्धपौर्णिमेनंतरचं लग्न मोडलं. नागुबाईनं निरोप धाडला, ज्यांनी एक माणूस लपवलं ते उद्या काय काय लपवतील. नरसिंगला त्यात चूक काढता आली नाही. संगप्पानं सोल्युशन सोडलं आणि नुसते टाके घालून पट्टे शिवायला घेतले, हे त्याला गोलाईतून जाताना दिसायचं. पावसाळा आला, बरा आला. श्रावणात सिंधुचं कार्ड आलं, कचेरीच्या पत्त्यावर. ती पास झाली होती. आईशी रोज भांडण चालू आहे असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "यायचं तर उघड्या हातानं या, आन्‌ आईला तुमचं तुमीच समजवा."

नरसिंगनं ते कार्ड दोनदा वाचलं आणि अनंतरावांकडं रजेचा अर्ज घेऊन गेला.