नाकाने पास केलेला पाईप

माझ्या सासऱ्यांच्या नाकाचं भंगाराच्या यार्डात भलतंच कौतुक. समुद्रातून ओढून आणलेल्या पाईपच्या तोंडाशी ते नाक नेत, लांब श्वास घेत आणि म्हणत, "लाव." गॅसचा वास आला तर पाईप बाजूला, नाही आला तर कटर पेटवायचा. तो कटर चालवायचा माझा नवरा. बापाच्या नाकावर लेकाचा जीव.

समुद्रातल्या गॅसच्या विहिरी आटल्यावर कंपनीने तळाशी टाकलेले पाईप बंद केले. त्यातले काही आमच्या यार्डात कापायला येत. आत घाण नाही असं ठरलं, की बाकीचे तिथेच पाण्यात सोडून कंपनी हात झटकणार होती.

नवरा चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागला. शर्टाची बटणं मी लावून द्यायला लागले. हिरड्यांतून रक्त यायचं. मुंगीच्या वाटेलाही न जाणारा हा माणूस एकदा शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला. सासरे म्हणाले, चोरून पीत असेल. मला इतकी चीड आली की त्यांच्यासमोरचं वाढलेलं ताट मी उचलून आत नेलं.

लघवी तपासली तर त्यात पारा निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. गॅसबरोबर थोडा थोडा पारा येतो आणि वर्षानुवर्षं पाईपच्या लोखंडात मुरतो. पाईप धुतला तर पाणी नितळ निघतं, पण तापवला की पाऱ्याची वाफ होते. त्या वाफेला वास नसतो. पुन्हा कटर हातात घेतला तर हात कायमचे जातील, असंही त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी हे सांगितलं आणि सासऱ्यांना मिरच्या झोंबल्या.

"हयात गेली माझी यात," ते म्हणाले. "माझ्या नाकाने आजवर एक माणूस दगावू दिला नाही."

"मरणाला वास असतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

नवरा मान खाली घालून बसला होता. बापासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते. सकाळी तो मुकाट कामावर गेला. मग मीही मागोमाग गेले.

यार्डात कंपनीचा इंजिनीअर होता. मी त्याला पाऱ्याचं सांगितलं. त्याने पाईप धुतलेल्या पाण्याची बाटली दाखवली, किती स्वच्छ आहे बघा म्हणाला. मी म्हटलं, मग प्या. तो हसला.

"ताई, तुमचं खरं असेल तर आमचं काम सोपंच झालं. वर काढणं धोक्याचं, असं सांगू आणि राहू दे सगळं समुद्रात."

तिथे गंजून फुटल्यावर पारा माशांच्या पोटात जाईल, त्याचं काय, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, तिथे कोण बघायला जातंय. त्याच्या कानाखाली एक ओढावीशी वाटली.

तेवढ्यात मागून सासऱ्यांचं "लाव" ऐकू आलं. नवरा ठिणगी पाडायला गेला आणि लायटर हातातून निसटला. उचलला, पुन्हा निसटला. सगळे बघत होते. सासऱ्यांनी स्वतः कटर पेटवला, त्याच्या हातात कोंबला, मनगट घट्ट पकडलं आणि ज्योत पाईपला भिडवली.

"बघू आता हात कसा हलतो," ते म्हणाले.

मी धावत जाऊन कटरचे दोन्ही सिलिंडर बंद केले. ज्योत फट्‌कन विझली.

"सिलिंडरला हात लावायचा नाही," सासरे ओरडले. "तो माझा मुलगा आहे."

"मग सोडा त्याला."

शेवटी त्यांनी मनगट सोडलं. नवऱ्याने हात छातीशी घेतला आणि दोन पावलं मागे, माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. सासऱ्यांचा हात मात्र तसाच पुढे राहिला, मोकळा, आणि तो थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरला. तोही थरथरत होता.

"रागाने होतंय," ते म्हणाले.

कोणी काही विचारलंच नव्हतं.